चौथ्या खाचेवर शंभर टक्के

६ नोव्हेंबर

चि. मोजपट्ट्यास,

ज्यांच्या बापाला भर बैठकीत खोटं ठरवलं गेलं अशा दोन भावंडांसाठी हे पत्र आहे. एक मी, दुसरा तू. अपमान दोघांचा एकच. आपल्या घरात वाटणीवरून कधी भांडण झालं नाही, तेव्हा हा अपमानही आपण निम्मा-निम्मा वाटून घेतला असता. पण बाबांच्या नोंदवहीवर लाल रेघ मारणारा हात या दोघांपैकीच एकाचा होता. म्हणून लिहितेय मी, आणि वाचायचं तुला आहे.

दीड वर्ष तू माझा फोन उचलत नाहीस. पत्र उचलावं लागत नाही, ते दाराखालून आत येतं.

बाबा कसे आहेत हे तू विचारणार नाहीस, म्हणून सांगते. भिंतीवरचं घड्याळ बघतात आणि मला घरच्या टोपणनावाने हाक मारतात. "वकील, जरा बघ गं. मला नऊ वीस दिसतायत. तुला किती दिसतात?"

"नऊ वीसच, बाबा."

"नक्की ना?"

दीड वर्षात चष्मा चार वेळा करून झाला. डॉक्टर म्हणतात, नंबर होता तोच आहे. औषधाच्या बाटलीवरची खूण ते शेजारणीकडून वाचून घेतात. पेपर घडीही न मोडता बाजूला ठेवतात. हा तो माणूस, जो एकतीस वर्षं धरणाच्या पोटातल्या गॅलरीत उतरून पाणी वाचत होता. दोनशे बारा पायऱ्या खाली, दोनशे बारा वर. भिंतीतून झिरपणारं पाणी पन्हळीतून एका पोलादी पट्टीपाशी येतं, पट्टीला त्रिकोणी खाच, खाचेशेजारी मिलिमीटरच्या खुणा. अशा पाच खाचा. प्रत्येकीसमोर गुडघे टेकून, डोळा पाण्याच्या पातळीत आणून ते तीनदा वाचायचे आणि तिन्हींतला मधला आकडा लिहायचे. तू सात वर्षांचा असताना विचारलं होतंस, "बाबा, सरासरी का नाही काढत?" ते म्हणाले, "सरासरीचा आकडा पाण्याने मला दाखवलेला नसतो रे." तू पोट धरून हसला होतास. पुढे तू त्याच सरासऱ्यांवर मोठा झालास.

आता मुद्द्याचं. बारा डिसेंबरला, झिरपणाऱ्या पाण्याचा रोजचा अंदाज सांगणारं तुझं कॉम्प्युटर-मॉडेल आणखी नऊ धरणांवर बसवण्याचा समारंभ आहे. तू मुख्य वक्ता. कामगार संघटनेची चिटणीस म्हणून मलाही पंधरा मिनिटं दिली आहेत. भाषणाच्या तयारीसाठी मी कार्यालयातून नोंदींचे गठ्ठे मागवले. मला गणित येत नाही हे तू मला आयुष्यभर ऐकवत आलायस. पण मला वाचता येतं, आणि मी जे हाती येईल ते वाचते. सेन्सरचं माहितीपत्रकसुद्धा वाचलं. तू प्रत्येक खाचेवर बसवलेला सेन्सर पाण्याची उंची पूर्ण मिलिमीटरमध्येच सांगतो, त्याहून बारीक त्याला दिसत नाही.

पहिल्या खाचेचे आकडे: २२, २२, २३. दुसरीचे: ४०, ४१, ४०. आणि चौथीचे: ३८.२१७४०६, ३८.२१९११३, ३८.२२०८५०.

सेन्सर बसवून दोन महिने झाल्यापासून आजपर्यंत, एकही दिवस न चुकता, चौथ्या खाचेवर हे असंच चालू आहे. ज्या यंत्राला मिलिमीटरखाली आंधळेपण आहे त्याला मिलिमीटरचा दशलक्षावा भाग कुठून दिसला? आठवड्यात उत्तर दे.

तुझी ताई


१५ नोव्हेंबर

चि. मोजपट्ट्यास,

उत्तर आलं नाही, म्हणून काल मी स्वतः खाली उतरले. सोबत पंपवाले काका होते, गॅलरीत साचलेलं पाणी उपसून बाहेर टाकणारे. तू लहानपणी ज्यांच्या खांद्यावरून उतरायला तयार नसायचास, तेच.

शंभराव्या पायरीवर मी म्हटलं, "काका, गुडघे बोलायला लागले."

"व्यासपीठ चढताना बोलत नाहीत ते," काका म्हणाले. "तिथे त्यांना सवय आहे, तू बोलतेस आणि ते गप्प बसतात."

खाली ओल तशीच आहे, दिव्यांचा तो पिवळट उजेडही तसाच. चौथ्या खाचेपाशी काकांनी टॉर्च धरला. तुझा सेन्सर दिसलाच नाही. जिथे तो असायला हवा तिथे एक पांढरा गोळा होता. झिरपणाऱ्या पाण्यातला चुना थरावर थर बसून त्याचा दगड झालाय. तारसुद्धा आत गडप.

काकांनी बोटाने टकटक केलं. "हा रोज आकडे पाठवतो म्हणालीस?"

"रोज."

"सुट्टीच्या दिवशीपण?"

"सुट्टीच्या दिवशीपण."

"मग याला बढती द्या. मेल्यावरही हजेरी लावणारा नोकर या खात्यात मी पहिल्यांदा बघतोय."

मी विचारलं, तुम्हाला पाणी वाढल्याचं कळलं नाही का? ते म्हणाले, "न कळायला काय झालं? पंप दिवसाला दोनदा चालायचा, आता सहादा चालतो. वर जाऊन सांगितलं. तर म्हणाले, कॉम्प्युटरवर पाणी वाढलेलं नाही, तुमचा पंप म्हातारा झालाय. मी म्हटलं, साहेब, पंप माझ्याहून लहान आहे. तर म्हणाले, तेच तर."

मग मी गुडघे टेकले. आयुष्यात पहिल्यांदा. डोळा पाण्याच्या पातळीत आणला. ७१. ७२. ७१. मधला आकडा ७१.

तुझ्या नोंदीत ३८. त्रिकोणी खाचेत उंची जवळजवळ दुप्पट म्हणजे पाणी जवळजवळ पाचपट, हे मला बाबांनी शिकवलंय, तुलाही त्यांनीच.

दुपारी मी धरणाच्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या समोर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत ते स्वतः खाली जाऊन आले, आणि आज सकाळपासून जलाशय उतरवायला घेतलाय. भिंतीतली गळती बुजवतील. खालच्या गावांना वेळेत सांभाळता येईल असं ते म्हणतात. तुझं नाव मी अजून घेतलेलं नाही. ते राखून ठेवलंय.

कारण त्यांच्याच कपाटात मला तुझी पुस्तिका सापडली, 'जुळणीचे नियम'. तुझ्या मॉडेलमध्ये ना धरण आहे ना पाणी. तिथे फक्त चिन्हं आहेत. कुठलं चिन्ह म्हणजे जगातली कुठली वस्तू, हे सांगणारे हे चोवीस नियम. अकरावा असा: 'सेन्सरकडून वाचन न आल्यास मॉडेलचा त्या दिवसाचा अंदाज हेच वाचन धरावे. तात्पुरते.' खाली तुझी सही, तीच झोकदार सही जी तू शाळेच्या वह्यांवर गिरवायचास.

मग मला सगळं कळलं, गणित न येता. सेन्सर मेला. मॉडेलने स्वतःचाच अंदाज नोंदीच्या रकान्यात भरला. पुढे अचूकता तपासताना तू मॉडेलचा अंदाज आणि नोंद शेजारी शेजारी मांडलीस. बाकीच्या खाचांवर अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव टक्के जुळलं, चौथ्या खाचेवर शंभर टक्के. जुळणारच. पेपर तू काढलास, उत्तरं तू लिहिलीस आणि गुण तू दिलेस. जिथे मोजणारं कुणी नव्हतं, तिथेच तुझं मॉडेल सगळ्यात अचूक ठरलं.

सेन्सर मेल्यापासून समितीच्या बैठकीपर्यंतचे चौदा महिने बाबा रोज वाचत होते. ३९. ४१. ४४. ४८. शेवटचा आकडा ५४. आणि समितीत तू म्हणालास की सेन्सर ३८ म्हणतो, मॉडेलही ३८ म्हणतं, दोन साक्षीदार एकीकडे आणि एक म्हातारा दुसरीकडे. दुसरा साक्षीदार नव्हताच. शेरा पडला: 'वाचकाच्या नोंदी अविश्वसनीय.' तू पट्टी ठेवून बाबांच्या चौदा महिन्यांवर रेघ मारलीस. बाबा वाकून बघत होते. ते काय म्हणाले आठवतं? "रेघ सरळ आलीय."

ताई


२४ नोव्हेंबर

मोजपट्ट्या,

तुझं पत्र मिळालं. दीड पानात 'नियम' हा शब्द अकरा वेळा आलाय, मी मोजला.

तू लिहितोस, 'ताई, जे झालं ते नियमानुसार झालं. अकरावा नियम समितीने मंजूर केला होता. प्रोग्राममध्ये आजवर एकही चूक निघालेली नाही. सेन्सरचा बिघाड हा देखभाल विभागाचा विषय आहे.'

प्रोग्रामने नियम मोडला नाही हे मला मान्य आहे. बुद्धिबळाच्या पटावर घोडाही कधी नियम मोडत नाही. म्हणून त्याला दाणापाणी लागत नाही आणि त्याच्यावर बसून कुणी कुठे पोचत नाही. नियम पाळणं आणि खरं बोलणं या दोन गोष्टी एक आहेत असं तुला कुणी शिकवलं? चिन्ह आणि पाणी यांच्यामध्ये एक धागा असतो. तो धागा कुठल्याही समीकरणातून निघत नाही. त्यासाठी कुणाला तरी ओल्या फरशीवर गुडघे टेकावे लागतात. सगळं शास्त्र त्या गुडघ्यांवर उभं आहे. तू काय केलंस? धाग्याचं पाण्याकडचं टोक सोडवलंस, ओढून वर आणलंस आणि परत चिन्हालाच बांधलंस. मग ताण देऊन जगाला दाखवलंस, बघा किती घट्ट आहे.

आता बाबांची वही. मी ती कालपासून पुढ्यात घेऊन बसले आहे. एकतीस वर्षांत पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त एकोणीस दिवस वाचन नाही. त्या दिवशी रकान्यात आकडा नाही, आडवी रेघ आहे आणि पुढे कारण. 'ताप.' 'पायरीवरून पडलो.' 'पत्नीचे ऑपरेशन.' आणि एका ओळीत: 'मुलाची प्रवेश परीक्षा.'

आठवतंय ना? त्या दिवशी ते तुला घेऊन पहाटेच्या बसने गेले, परीक्षेच्या दाराबाहेर दिवसभर उभे राहिले आणि संध्याकाळी परत आले. आदल्या दिवशी चौथ्या खाचेवर ३७, दुसऱ्या दिवशी ३७. मधे ३७ लिहिलं असतं तर कुणी पकडलं असतं? बहुधा खरंही निघालं असतं. त्यांनी रेघ ओढली. तुझ्यासाठीसुद्धा त्यांनी आकडा बनवला नाही. तू त्या रिकाम्या जागेतून बाहेर पडून मोठा झालास आणि मोठा झाल्यावर पहिलं काम केलंस ते जगातल्या सगळ्या रिकाम्या जागा भरून टाकण्याचं.

'मला कल्पना नव्हती' असं तू शेवटी लिहिलंयस. ही ओळ लिहायला नको होतीस. बाकी सगळं मी एखाद्या हुशार माणसाची गफलत म्हणून सोडून दिलं असतं. प्रोग्राम रोज सकाळी एक इशारा द्यायचा: 'खाच चार, वाचन नाही.' पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बदलांची यादी आहे. बैठकीच्या सहा महिने आधीची तारीख, तुझीच सही: 'खाच चारचा इशारा बंद केला, कामात व्यत्यय येतो.'

म्हणजे लाल रेघ मारताना तुला माहीत होतं की चौथ्या खाचेपाशी डोळे असलेला जिवंत साक्षीदार एकच आहे. आणि तो समोर बसला होता, पट्टी नीट धरता येते का हे बघत.

मी तुला सोडणार नाही.

ताई


१ डिसेंबर

मोजपट्ट्या,

या वेळी तू एकच ओळ पाठवलीस. 'त्या सभेत भाषण कुणी केलं होतं, ताई?'

मी केलं होतं.

आधीच्या तीन पत्रांत मी ते लपवलं. तुला आठवत नसेल या आशेवर नाही, तर मलाच ते लिहायचं नव्हतं म्हणून. आता लिहिते, म्हणजे तुझ्या हातात तेवढं एक हत्यार होतं तेही राहणार नाही.

समितीच्या आधी संघटनेची सभा झाली. पाणी वाचणारी माणसं काढून यंत्रं ठेवायला विरोध करायचा की नाही, असा ठराव होता. मी चाळीस मिनिटं बोलले. मी म्हटलं, आपण विज्ञानाच्या बाजूचे आहोत, अंधाऱ्या बोगद्यात म्हाताऱ्यांचे गुडघे झिजवणं ही काही मोठी परंपरा नाही. टाळ्या पडल्या. मग मी तुझाच कागद वर धरला आणि म्हटलं, "चौथ्या खाचेवर शंभर टक्के. सांगा, हे कुठल्या माणसाला कधी जमलंय?" सभागृह हसलं. बाबा तिसऱ्या रांगेत होते. तेही हसले, सगळे हसतायत म्हणून.

शंभर टक्के ऐकल्यावर ज्याच्या कपाळाला आठी पडत नाही त्याने विज्ञानाचं नाव घेऊ नये. इतकी पुस्तकं वाचून माझ्या कपाळाला ती पडली नाही. तुझा आकडा मला आवडला, कारण तो बोलायला सोपा होता.

याहून वाईट पुढे आहे. सभेच्या आदल्या संध्याकाळी बाबा वही घेऊन माझ्या खोलीत आले. म्हणाले, "वकील, चार नंबरवर पाणी वाढतंय. पोरगा म्हणतो नाही वाढत. तू शिकलेली आहेस, तू बघ." मी भाषण लिहीत होते. वही उघडली नाही. म्हटलं, "बाबा, हट्ट सोडा आता." त्यांनी वही परत बगलेत घातली आणि जाताना दार आवाज न करता लावलं.

झालं. आता तुझ्याकडे माझ्याविरुद्ध काही शिल्लक नाही. माझ्याकडे तुझ्याविरुद्ध सगळं आहे.

ताई


५ डिसेंबर

मोजपट्ट्या,

सुरक्षा अधिकाऱ्याचा अहवाल आला. 'खाच चारवरील सेन्सरचा बिघाड.' एका ओळीत तू सुटलास. बिघाड झाला म्हणे, पाऊस पडावा तसा. समारंभ ठरल्याप्रमाणे होणार. आणि बाबांवरचा शेरा जागचा हललेला नाही. मी विचारलं तर म्हणाले, 'तो विषय समितीचा. रेघ ज्याने मारली त्यानेच ती दुरुस्त करून सही करायची, असा नियम आहे.' नियम आहे म्हटल्यावर तुला आनंदच होईल.

म्हणून बारा तारखेला काय होणार ते आधीच सांगून ठेवते. पाठीत वार करणं हे तुझं शास्त्र, माझं नाही. सभागृहात दोनशे खुर्च्या आहेत. प्रत्येक खुर्चीवर एक कागद असेल. डावीकडे चौथ्या खाचेचे तुझे सहा-सहा दशांशांचे आकडे, उजवीकडे बाबांचे. खाली अकरावा नियम आणि इशारा बंद केल्याची तारीख. सकाळी अकराला मी बोलायला उभी राहीन. आधी माझा गुन्हा सांगेन, माझ्याच तोंडाने, वही न उघडल्याचासुद्धा. मग तुझा. तू माझ्यानंतर बोलणार आहेस, त्या माणसांसमोर, तो कागद हातात असलेल्या. नऊ धरणांचं काय व्हायचं ते त्यांना ठरवू दे. हे टळणार नाही. रडून नाही, घरच्या अब्रूचा विषय काढून नाही, आईची आठवण काढून तर नाहीच.

पण एक गोष्ट माझ्याने होत नाही, म्हणून हे शेवटचं पत्र.

काल मी बाबांना सांगितलं, "तुमचा आकडा बरोबर होता. पाणी वाढत होतं."

ते म्हणाले, "तू खाली जाऊन वाचलंस?"

"हो. तीनदा."

"मधला घेतलास?"

"हो."

मला वाटलं, आता काहीतरी सुटेल त्यांच्या छातीतून. मग म्हणाले, "ते तुझं वाचन झालं. तुझे डोळे चांगले आहेत. माझ्या वेळचं कुणी सांगावं? मोजपट्ट्याने रेघ मारली म्हणजे बघूनच मारली असेल. तो न बघता रेघ मारत नाही."

ऐकलंस? मी चाळीस मिनिटं बोलून सभा फिरवू शकते, पण हे एक वाक्य मला फिरवता येत नाही. त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नाही, माझ्या शब्दांवर नाही, त्या अहवालावर नाही. तुझ्यावर आहे. या सगळ्या प्रकरणात तुझी मला खरी चीड येते ती इथे. तू शंभर टक्के खोटा ठरूनही जगात अजून एक माणूस तुला शंभर टक्के मानतो, आणि तो नेमका तोच आहे.

तेव्हा माफीबिफी लिहून पाठवू नकोस, ती मी वाचणार नाही. त्यांच्यासमोर रडूही नकोस, ते तुलाच समजावत बसतील. हे केल्याने अकरा वाजताचं काही कमी होईल असंही समजू नकोस.

बारा तारखेला सकाळी सात वाजता गॅलरीच्या दाराशी ये. काका कुलूप उघडतील. वही मी आणलेली असेल. बाबांना हात देऊन दोनशे बारा पायऱ्या उतरव, मधे थांबायला लागलं तर थांब. चौथ्या खाचेपाशी त्यांना गुडघे टेकू दे. जलाशय उतरवलाय, त्यामुळे आकडा किती येईल हे मला माहीत नाही, तुलाही नाही, तुझ्या मॉडेललाही नाही. ते तीनदा वाचतील आणि मधला सांगतील. "नक्की ना?" असं ते तुला विचारतील. तू वाकून बघू नकोस. टॉर्च धर, आणि तुझ्या त्या लाल रेघेखाली, तुझ्या हाताने, ते म्हणतील तो आकडा लिही.

ताई